टाकी भरली की गाडी का रुसते?

पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक, चार सिलिंडर, मल्टिपॉइंट इंजेक्शन (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर), वापरलेली म्हणून घेतलेली. गाडीच्या मालकांच्या दोन तक्रारी होत्या. पहिली त्यांनी आल्या आल्या सांगितली. गाडी कधी कधी एका सेल्फमध्ये उठत नाही. लांबलचक सेल्फ मारावा लागतो, मग ती थरथरत, मिसिंग करत उठते, पेट्रोलचा वास येतो, थोडी रेस देऊन धरावी लागते आणि मिनिटभरात सगळं सुरळीत होतं. दुसरी तक्रार बऱ्याच वेळाने, निघता निघता सांगितली: पंपावर पेट्रोल भरताना नोझल सारखं कट होतं. अर्धी टाकी रिकामी असली तरी दोन-तीन लिटर गेले की खट् करून बंद. भरणाऱ्याला नोझल अर्धवट दाबून, धार बारीक ठेवून भरावं लागतं.

दुसरी तक्रार त्यांच्या लेखी तक्रारच नव्हती, ती गाडीची खोड होती. मला मात्र हे प्रकरण लिहावंसं वाटतं ते याच गोष्टीसाठी. या दोन तक्रारी एकाच बिघाडाच्या होत्या आणि त्या कोणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या, म्हणून गाडीचे बरेच चांगले भाग विनाकारण बदलले गेले.

आधी झालेली कामं

जुन्या बिलांवरून क्रम लागला. आधी प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली. फरक पडला नाही. मग एका ठिकाणी स्कॅनर लावला, तेव्हा पी०१७१ हा कोड मिळाला. म्हणजे हवा आणि पेट्रोलचं मिश्रण लीन, पेट्रोल कमी पडतंय. त्यावरून टाकीतला फ्युएल पंप बदलला. काही काळाने दुसऱ्या ठिकाणी पी०१७२ मिळाला. म्हणजे मिश्रण रिच, पेट्रोल जास्त होतंय. त्यावरून इंजेक्टर काढून साफ केले. प्रत्येक वेळी कोड पुसून गाडी परत दिली गेली आणि कोड पडला त्या क्षणाची जी नोंद गाडीच्या संगणकात साठते, इंजिनचं तापमान, वेग, लोड, तीही त्याबरोबर पुसली गेली. कोड पुसण्याआधी ही नोंद लिहून घ्यायला दोन मिनिटं लागतात. अशा अधूनमधून येणाऱ्या बिघाडात तिच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नसतो.

एकाच गाडीला एकदा लीन आणि एकदा रिच हे वरवर विसंगत वाटतं. पण ही विसंगतीच सगळ्यांत उपयोगी खूण होती. पंप कमजोर असेल तर गाडी लीनच जाईल, इंजेक्टर गळत असेल तर रिचच. आज एका बाजूला आणि उद्या दुसऱ्या बाजूला झुकणारी गाडी असेल, तर इंजिनमध्ये अशी एखादी गोष्ट शिरते आहे जी कधी नुसती हवा असते आणि कधी पेट्रोलची वाफ. असा रस्ता गाडीत एकच आहे, तो म्हणजे टाकीपासून कॅनिस्टर नावाच्या डब्यामार्गे इनटेक मॅनिफोल्डपर्यंत, म्हणजे सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांपर्यंत, येणारी पर्जची, म्हणजे वाफ ओढून नेणारी, नळी.

वाफेचा रस्ता

टाकीतल्या पेट्रोलची सतत वाफ होत असते. ती उघड्यावर सोडता येत नाही, म्हणून ती सक्रिय कोळशाने भरलेल्या डब्यात, कॅनिस्टरमध्ये, नेली जाते. कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन तापून नीट चालू लागलं की संगणक पर्ज व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडतो आणि इंजिनचं व्हॅक्यूम कॅनिस्टरमधून हवा ओढून घेतं. ती हवा कोळशातली वाफ सोबत नेते आणि वाफ इंजिनात जळते. आत येणारी ही ताजी हवा कॅनिस्टरच्या दुसऱ्या तोंडातून, व्हेंटमधून येते आणि त्या तोंडाशी धूळ अडवणारा छोटा फिल्टर असतो. अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलपासून गाड्यांना वाफ अडवण्याची ही व्यवस्था सक्तीची झाली आणि आज जवळजवळ प्रत्येक पेट्रोल गाडीत ती असते, तरीही गॅरेजमध्ये ती सर्वांत शेवटी आठवते.

पर्ज व्हॉल्व्हला वीज मिळत नसेल तेव्हा तो घट्ट बंद असला पाहिजे. सेल्फ मारताना तर नक्कीच. तो उघडा राहिला, तर सुरू होण्याच्या क्षणीच टाकीवरची वाफ थेट इंजिनात ओढली जाते. संगणकाने इंजेक्टरचं पेट्रोल आधीच मोजून दिलेलं असतं, त्यात ही न मोजलेली वाफ मिसळते. पेट्रोल जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण धरतात. त्यापेक्षा बरंच रिच मिश्रण झालं की ठिणगी पडूनही ते धड पेटत नाही, प्लग ओले होतात, गाडी मिसिंग करते.

मग मिनिटभरात ती का सुधारते? कारण पहिल्या काही क्षणांत ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन पाहून मिश्रण कसं आहे ते सांगणारा सेन्सर, तापलेला नसतो आणि संगणक ठरलेल्या तक्त्यावरच चालतो. सेन्सर तापून बोलू लागला की संगणक इंजेक्टरचं पेट्रोल कमी करतो आणि गाडी सावरते. बिघाड जागेवरच असतो, फक्त झाकला जातो. गाडी धावत असताना मालकांना काहीच जाणवत नव्हतं ते यामुळेच.

लीनचा कोडही याच छिद्रातून येतो. टाकीत पेट्रोल कमी आहे, हवा थंड आहे, कॅनिस्टरमध्ये वाफ फारशी उरलेली नाही, अशा वेळी त्याच उघड्या व्हॉल्व्हमधून जवळजवळ नुसती हवा येते. या गाडीत हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत आहे. पर्जमधून येणारी हवा त्याला टाळून मागून शिरते, म्हणून मिश्रण लीन दिसतं. ज्या गाड्या फक्त मॅनिफोल्डमधला दाब मोजून हिशेब करतात, त्यांत ही खूण एवढी ठळक दिसत नाही. तिथे आयडलिंग चढलेलं किंवा वरखाली होणारं आढळतं.

"कधी" हा प्रश्न

हे सगळं डोक्यात असलं तरी तो अंदाजच होता. मालकांना सांगितलं की आता काही बदलायचं नाही, फक्त प्रत्येक वेळी गाडी कशी सुरू झाली ते लिहून ठेवा. गाडी किती वेळ उभी होती, इंजिन थंड होतं की गरम, काटा कुठे होता आणि त्याआधी पेट्रोल भरलं होतं का. त्यांनी ते मनापासून केलं. वहीत चित्र स्वच्छ होतं: सकाळी थंड गाडी ठीक उठते, बाजारातून परत निघताना ठीक उठते, पेट्रोल भरल्यावर मात्र दर वेळी त्रास देते. टाकी जितकी जास्त भरली तितका त्रास जास्त.

इथे घाई केली तर फसायला होतं. पंपावर पेट्रोल भरणं म्हणजे गरम इंजिन चार-पाच मिनिटं बंद ठेवणंही असतं. गरम इंजिन बंद केलं की फिरणारं पाणी थांबतं, इंजिनखोलीतली उष्णता वर चढते, फ्युएल रेलमधलं, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं, पेट्रोल तापतं, गळका इंजेक्टर असेल तर त्यातून थेंब मॅनिफोल्डमध्ये पडतात. या दोन्ही कारणांनीही गाडी नेमकी अशीच उठेल. म्हणून गाडी चांगली तापवून, पेट्रोल न भरता, तेवढाच वेळ बंद ठेवून सुरू करून पाहिली. पुन्हा पुन्हा पाहिली. दर वेळी एका सेल्फमध्ये उठली. रेलवर गेज लावून इंजिन बंद केल्यावर दाब किती टिकतो तेही पाहिलं. तो टिकून होता, म्हणजे इंजेक्टर किंवा पेट्रोल मागे येऊ न देणारा पंपाचा व्हॉल्व्ह गळत नव्हता. बॅटरी आराम करून १२.६ व्होल्ट दाखवत होती आणि सेल्फ मारताना १० च्या खाली जात नव्हती. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटच्या आणि इनटेक हवेच्या सेन्सरची तापमानं जुळत होती, म्हणजे इंजिन थंड आहे असं समजून संगणक उगाच जास्त पेट्रोल देत नव्हता.

"पेट्रोलच खराब असेल" हा संशय मालकांच्या मनात पक्का होता. तो दूर करायला चाचणीही लागत नाही. टाकीत आत्ता पडलेलं पेट्रोल लगेच इंजिनात पोहोचत नाही. पंपापासून रेलपर्यंतच्या नळीत जुनंच पेट्रोल भरलेलं असतं आणि आयडलवर ते संपायला काही मिनिटं जातात. भरल्यानंतरच्या पहिल्याच सेल्फला जो त्रास होतो, तो नव्या पेट्रोलचा असूच शकत नाही. पाणी मिसळलेलं पेट्रोल थोडं अंतर गेल्यावर त्रास देतं आणि मग मिनिटभरात सावरत नाही.

आता निर्णायक चाचणी. मॅनिफोल्डकडे जाणारी पर्जची नळी व्हॉल्व्हपाशी काढली, मॅनिफोल्डच्या बाजूचं तोंड बुचाने बंद केलं, व्हॉल्व्हच्या बाजूचंही बंद केलं आणि गाडी पेट्रोल भरायला नेली. टाकी भरल्यावर ती पहिल्या सेल्फला उठली. थरथर नाही, वास नाही. पुढच्या वेळी नळी परत जोडून नेली, तर जुना त्रास जसाच्या तसा. एक गोष्ट काढली की बिघाड जातो आणि परत लावली की येतो, एवढं झाल्यावरच मी सुटा भाग मागवायचा विचार करतो. (ही नळी बंद ठेवून रोज गाडी चालवू नये. वाफ इंजिनात जळण्याऐवजी कॅनिस्टर भरल्यावर बाहेर पडत राहते.)

व्हॉल्व्ह काढून पाहिला. वायर सुटी असताना त्यातून फुंकर आरपार जात होती, जी जायला नको. स्वच्छ पांढऱ्या कापडावर हलकेच आपटला तर काळे बारीक दाणे पडले. कोळशाचे.

दुसऱ्या तक्रारीकडे

व्हॉल्व्ह बदलून गाडी देता आली असती आणि सुरू होण्याचा त्रास काही काळ थांबलाही असता. पण कोळशाचे दाणे व्हॉल्व्हपर्यंत आले कसे, याचं उत्तर हवं होतं. कॅनिस्टरच्या आत कोळसा जाळी आणि फोमच्या मधे बसवलेला असतो, तो आपोआप बाहेर पडत नाही. कॅनिस्टर खराब होण्याचं एक ओळखीचं कारण म्हणजे त्यात वाफेऐवजी द्रव पेट्रोल जाणं. आणि द्रव पेट्रोल तिथे जातं ते टाकी गळ्यापर्यंत भरली की. इथे नोझलची तक्रार कामाला आली.

नोझल बंद कसं होतं ते आधी पाहू. नोझलच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल वाहत असताना त्या प्रवाहाच्या ओढीने छिद्रातून हवा आत खेचली जाते. टोकाशी पेट्रोल चढून छिद्र झाकलं गेलं की हवा थांबते, आतली ओढ वाढून पडदा हलतो आणि खटका सुटतो. म्हणजे टाकी भरली का, हे नोझलला कळत नाही. टाकीच्या गळ्यात, म्हणजे पेट्रोल भरायच्या नळीत, पेट्रोल चढलं एवढंच कळतं. टाकी अर्धी रिकामी असताना पेट्रोल गळ्यात चढतं, कारण आतली हवा बाहेर पडायला वाट नाही. मिनिटाला ३५ लिटर पेट्रोल आत जात असेल तर मिनिटाला साधारण तेवढेच लिटर हवा आणि वाफ बाहेर यायला हवी.

ही हवा कुठून बाहेर येते, हे गाडीनुसार बदलतं आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. बऱ्याच गाड्यांत टाकीच्या वरच्या भागापासून गळ्याच्या तोंडापर्यंत एक ब्रीदर नळी असते. भरताना हवा तिच्यातून तोंडाशी येते. अशा गाडीत नोझल कट होत असेल तर आधी ती नळी दबली आहे का, मोडली आहे का, मागच्या बाजूच्या पत्र्याच्या कामात वाकवली गेली आहे का, हे पाहायचं. कॅनिस्टरचा त्यात फारसा हात नसतो. दुसऱ्या रचनेत भरतानाची वाफही कॅनिस्टरमध्येच पकडतात. अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलपासून ही रचना टप्प्याटप्प्याने आली. तिला ओआरव्हीआर म्हणतात. तिच्यात गळ्याची नळी अरुंद असते, पेट्रोलच्या धारेनेच ती भरून जाते, म्हणजे वाफ उलटी तोंडाकडे येत नाही, आणि टाकीपासून कॅनिस्टरकडे जाणारी वाफेची नळी चांगली जाड असते. ही गाडी खालून पाहिली तर या दुसऱ्या प्रकारातली निघाली. इथे भरतानाची सगळी हवा कॅनिस्टरमधून जाऊन व्हेंटच्या फिल्टरातून बाहेर पडते. तो फिल्टर तुंबला की नोझल कट होणारच.

टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा हलका आवाज येत होता. गरम दिवशी हवा बाहेर पडल्याचा फुसकारा सगळ्याच गाड्यांत येतो, तो चालतो. आत ओढली जाणारी हवा वेगळं सांगते. इंजिन टाकीतून ओढत आहे आणि व्हेंटमधून तेवढी हवा आत येत नाही.

मागचं चाक आणि आतलं प्लास्टिकचं आवरण काढल्यावर व्हेंटची नळी दिसली. तिच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं आणि त्यामागचा फिल्टर धुळीने इतका गच्च झाला होता की तोंडाने फुंकल्यावर हवा जेमतेम जात होती. तो पूर्ण बंद नव्हता, हे महत्त्वाचं. अर्धवट उघड्या पर्जमधून इंजिन जी थोडी हवा ओढतं तेवढी त्यातून कशीबशी येत होती, पण भरतानाची मिनिटाला ३५ लिटर हवा बाहेर जाऊ शकत नव्हती. त्यामुळे फिल्टर असा असूनही मधूनच लीनचा कोड पडू शकला.

आता क्रम लागला. आधी व्हेंट तुंबला. त्यामुळे नोझल खोटं कट होऊ लागलं. खटका खोटा आहे हे एकदा कळल्यावर त्यावर कोणी विश्वास ठेवेना, म्हणून बारीक धार लावून, खटक्याकडे दुर्लक्ष करून भरायची सवय लागली. या सवयीत टाकी खरोखर भरल्यावर आलेला खरा खटकाही ओलांडला गेला. टाकीच्या वरच्या भागात मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा असते. ४० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर पाऊण लिटरच्या आसपास फुगतं, त्यासाठी ती जागा असते. ती भरली की पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये जातं. द्रव पेट्रोलने आतला फोम आणि कोळसा खराब झाला, दाणे सुटले, इंजिनच्या ओढीने ते पर्ज व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकले आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला. त्यानंतर सुरू होण्याचा त्रास आला. मालकांना विचारलं, दोन्हींत आधी काय सुरू झालं? त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "नोझलचं तर गाडी घेतल्यापासूनच आहे. उठायचा त्रास नंतरचा."

दुरुस्ती

कॅनिस्टर काढताना तो हातालाच जड लागला आणि हलवल्यावर आत पेट्रोल डुचमळलं. कॅनिस्टर वाळवून परत बसवता येईल का, असं मालकांनी विचारलं. एखाद्या वेळी जरा जास्त भरल्याने थोडं पेट्रोल आत गेलं असेल तर गाडी चालता चालता ते ओढलं जातं आणि कॅनिस्टर सावरतो. पण दाणे सुटू लागलेला कॅनिस्टर वाळवून उपयोग नाही, तो नव्या व्हॉल्व्हचीही तीच गत करेल. म्हणून कॅनिस्टर, पर्ज व्हॉल्व्ह आणि व्हेंटचा फिल्टर तिन्ही बदलले.

सर्वांत जास्त वेळ दिला तो पर्जच्या नळीला. कॅनिस्टरपासून इंजिनपर्यंतची ही नळी गाडीच्या पोटाखालून लांबवर येते आणि तिच्या वळणांत दाणे बसून राहतात. दोन्ही टोकं सुटी करून, इंजिनच्या बाजूला कापड धरून, कमी दाबाच्या हवेने ती काळे दाणे यायचे थांबेपर्यंत साफ केली. नवा व्हॉल्व्ह घालून ही नळी तशीच ठेवली तर गाडी लवकरच त्याच तक्रारीने परत येते. टाकीच्या बाजूला मात्र कॉम्प्रेसरची हवा कधीही मारू नये, टाकी आणि तिचे व्हॉल्व्ह तेवढ्या दाबासाठी नसतात. हे सगळं काम मोकळ्या हवेत, सायलेन्सर थंड असताना, बॅटरीची तार काढून केलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटू शकते.

व्हेंटवर संगणकाच्या हुकमाने चालणारा व्हॉल्व्हही होता. तो एरवी उघडा आणि फक्त गळतीची चाचणी करताना बंद, असा असतो. वीज देऊन बंद होतो आणि काढल्यावर उघडतो हे पाहून तोच ठेवला. प्लग ओल्या मिश्रणाने काळे पडले होते, ते साफ केले.

यानंतर टाकी पूर्ण धारेने भरली. नोझल टाकी भरल्यावर एकदाच कट झालं आणि तिथेच थांबलो. पहिल्या सेल्फला गाडी उठली. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक इंजेक्टरच्या पेट्रोलमध्ये करत असलेली दुरुस्ती, टाकी भरल्यावर आधी उणे वीस टक्क्यांच्या पलीकडे जात होती. आता ती शून्याच्या दोन्ही बाजूंना पाचच्या आत राहिली, भरल्या टाकीवरही आणि पेट्रोल तळाशी असतानाही. दोन्ही टोकांना पाहणं गरजेचं होतं, कारण जुना बिघाड दोन टोकांना दोन वेगळी रूपं घेत होता.

मालकांना गाडी देताना एक गोष्ट आग्रहाने सांगितली. आता खटका खरा आहे, तो आला की थांबायचं, भरणाऱ्यालाही तसं सांगायचं. कुंभारमाशी पुन्हा घर करू शकते, म्हणून व्हेंटच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी लावली. जाळीने हवा अडत नाही ना, हे त्यानंतरच्या पूर्ण टाकीला तपासून घेतलं. मागची चाकं ब्रेकच्या कामासाठी निघतील तेव्हा ती जाळी आणि फिल्टर पाहायचा, असं जॉबकार्डवर लिहून ठेवलं आहे.